एका उभ्या रेघेबद्दल

बाबा, शाळेत तुम्हाला गुरुजीच म्हणायचं, हा तुमचाच नियम. रोहण्याच्या शाळेची पायरी चढली की मी तुमचा मुलगा उरत नसे. आडनावानं हाक यायची. पण शेजारच्या खेड्यातून पायी येणाऱ्या माझ्या वर्गमित्राला तुम्ही भर वर्गात 'बेटा' म्हणायचात. मला सगळ्या कविता चालीवर पाठ होत्या. त्याला बीजगणित यायचं, आणि तुम्हाला बीजगणित आवडायचं.

त्या दिवशी तुम्ही बेरजेच्या दोन राशी तोंडी सांगता आहात. आम्ही पाटीवर उतरवतो: क्ष-वर्गाखाली क्ष-वर्ग, क्षखाली क्ष, ज्याला जोडीदार नाही त्याच्याखाली जागा रिकामी. "आता पाणी पिऊन या, मंग सोडवा," तुम्ही म्हणता. "ज्याचं बरोबर, त्याले माहं पुस्तक." समासात तुमच्या बारीक अक्षरातल्या टिपा असलेलं ते पुस्तक! सगळे रांजणाकडे धावतात. मी मागे राहतो. त्या वर्गमित्राच्या पाटीवर 'वजा पाच क्ष' आहे. मी लेखणीनं त्या आडव्या रेघेवर एक उभी रेघ ओढतो.

परत येऊन त्यानं पाच क्षमध्ये दोन क्ष मिळवले. उत्तर सात क्ष.

"वजा सांगतलं होतं न बेटा? अधिक काऊन केलं?"

तो पाटीकडे बघतच राहिला. "माह्या आयकण्यात चूक झाली असन, गुरुजी."

"तू चुकीचं आयकत नाईस," तुम्ही हळूच म्हणालात, आणि माझं उत्तर बरोबर आलं म्हणून पुस्तक मला दिलंत. माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी तो आपल्याच स्वयंपाकघरात, माझ्या शेजारी जेवायला. आईनं त्याला भाकरीवर लोण्याचा गोळा वाढला. "खाय पोटभर, चालत जायचं हाय तुले." जेवण झाल्यावर तुम्ही तुरीचे आणि हरभऱ्याचे दाणे जमिनीवर मांडून त्याच्याशी नवीच बेरीज खेळत बसलात. तूर तुरीत, हरभरा हरभऱ्यात. उत्तर जमलं तसा तुमचा हात त्याच्या डोक्यावर गेला आणि बराच वेळ तिथंच राहिला. मी पुस्तक छातीशी धरून दारात उभा होतो. तुम्ही एकदाही 'ये' म्हणाला नाहीत.

तुम्ही गेलात त्या वयापेक्षा आता मी म्हातारा झालोय. पुस्तक माझ्याकडेच आहे. हा कागद त्यातच ठेवीन, दुसरा पत्ता कुठला? ती रेघ माझी होती, हे तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. न कळलेलं एवढंच सांगतो: पश्चात्ताप व्हावा म्हणून मी आयुष्यभर वाट पाहिली. पण तो हात आठवला, की आजही बोटं लेखणी शोधतात.