आठ दिवसांनी एक

२ फेब्रुवारी
आज नव्या कामावर रुजू झालो. घर हवेशीर आहे. मला आजोबांच्या शेजारची खोली मिळाली. खिडकीतून बाग दिसते. काम एवढेच, आजोबांची सोबत आणि त्यांच्या कोरड्या खोकल्यावर लक्ष. तीन महिने तो हटत नाही. माझी बायको गेली, तेव्हा आम्ही तिचा खोकला साधाच समजत बसलो होतो. इथे तसे होऊ द्यायचे नाही.
आजोबा गमतीदार आहेत. म्हणाले, बरं झालं आलात, खोकायला प्रेक्षक मिळाला. मुलाला ते चिरंजीव म्हणतात. चिरंजीव यंत्रे दुरुस्त करतात. बोलणे मृदू.

५ फेब्रुवारी
आजोबांना डॉक्टरीणबाईंकडे नेले. घरातली सगळी औषधे पिशवीत घालून नेली होती. छातीचा फोटो स्वच्छ आला. बाईंनी एकेक पाकीट पाहिले आणि रक्तदाबाच्या गोळीवर बोट ठेवले. असा खोकला हिच्यामुळेही येतो म्हणाल्या. गोळी बदलून दिली. खोकला जायला चार आठवडे लागतील, धीर धरा.
चिरंजीव हसले. महिनाभर कोण वाट बघणार? बिघाड सापडत नसला की ते एकेक भाग काढतात आणि यंत्र आठ दिवस चालवून बघतात. गालिचे आजच काढले.

१३ फेब्रुवारी
खोकला थोडा कमी, पण आहे.
चिरंजीव घरच्या कुत्र्याला मागच्या अंगणात घेऊन गेले. वाटले, कोणाला तरी देऊन टाकणार. हातात लोखंडी पाना होता. तीन घाव ऐकले. दुसऱ्यानंतरही कुत्रा ओरडत होता. हात धुऊन आले आणि म्हणाले, केसांनी खोकला वाढतो.
घरच्या स्वयंपाकीणबाई मला हळूच म्हणाल्या, भाऊ, आजोबांचा मुलगा माझ्या तव्याच्या धुराने ठसका लागतो म्हणत होता हो. मी त्यांना म्हटले, काहीतरीच काय, तुम्ही माणूस आहात.

२१ फेब्रुवारी
डाव्या हाताने लिहितो आहे. उजवे मनगट मोडले.
चिरंजीवांनी स्वयंपाकीणबाईंना केसांना धरून ओढत बाहेर नेले. मी आडवा गेलो, पाना मनगटावर बसला. बाईंचे डोके पायरीवर — किती वेळा, मोजले नाही. नंतर त्यांनी पायरी पुसली.
फाटकाला कुलूप आहे. माझा फोन त्यांच्या खिशात.

२६ फेब्रुवारी
खोकला दिवसातून दोनदाच. गोळीचा गुण येतो आहे. पण चार आठवडे पाच मार्चला भरतात. माझी पाळी एक तारखेला.
आजोबा त्यांच्यावर ओरडले, अरे मेल्या, गोळीनेच होत होतं! चिरंजीव म्हणाले, बाबा, दम लागेल, बोलू नका. मग माझ्याकडे बघून — आता घरात काढण्यासारखे तुम्हीच उरलात.

१ मार्च
सकाळपासून एकदाही नाही. चिरंजीव दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेत. पाच वाजेपर्यंत मुदत; तोवर खोकला आला नाही तर मी सुटलो.

चार चाळीस. आजोबांना उबळ आली आहे. त्यांनी स्वतःच उशी तोंडावर दाबून धरली — माझ्यासाठी. मानेच्या शिरा फुगल्या.

चार पन्नास. म्हटले, खोका आजोबा, जीव जाईल. मानेने नाही म्हणतात. ओठ निळे —

उशी सोडत नाहीत. ओढून काढतो —

खोकले. श्वास आला. आला श्वास. आजोबा माझ्यापुढे हात आडवे करून उभे —

खुर्ची सरक