जीवराम नानांच्या छातीच्या फिल्मची व्यवस्था

पुढची कलमे समजावीत म्हणून घडलेल्या गोष्टी आधी क्रमाने लिहिते.

१. भडगावचे जीवराम नाना पूर्वी पाचोऱ्याच्या एका जिनिंग कारखान्यात बॉयलरवर होते. पत्नी वारल्यावर नोकरी सोडून ते गिरणाकाठी एका खोलीत राहू लागले. लोक त्यांना गुरू मानत. त्यांनी स्वतःला कधी तसे म्हटले नाही. त्यांनी फोटो कधीच काढू दिला नाही.

२. १९५६ च्या पावसाळ्यानंतर त्यांचा खोकला थांबेना. जळगावच्या ज्या खासगी दवाखान्यात मी एक्स-रे तंत्रज्ञ आहे, तेथे मी त्यांच्या छातीची फिल्म काढली. डाव्या फुफ्फुसात, हृदयाला लागून, गाठ होती.

३. नानांच्या सांगण्यावरून ती फिल्म मी त्यांच्या खोलीच्या खिडकीत लावली.

४. गाठीत किरण अडतात, म्हणून फिल्मवर तो भाग काळा न होता पांढरा, म्हणजे पारदर्शक, राहतो. सकाळचे ऊन त्याच भागातून सर्वांत जास्त आत आले. लोकांनी त्याला नानांच्या हृदयातली ज्योत म्हटले.

५. १९५७ च्या जानेवारीत नाना वारले.

६. माझे थोरले बंधू बन्सीलाल यांनी नानांच्या नावाने मंडळ काढले. फिल्मला चांदीची चौकट केली. मागे कंदील ठेवून तिची रोज आरती होते.

७. आजारी माणसे औषध सोडून तिच्यासमोर बसू लागली. गेल्या दिवाळीपासून माझी वहिनी कुंदाबाई खोकते आहे. तीही तेथेच बसते.

८. मला रक्ताचा आजार आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी उपाय नाही असे सांगितले.

आता मृत्युपत्र.

मी, सुमन झुलाल महाजन, वय २९, अविवाहित, राहणार जळगाव, जिल्हा पूर्व खानदेश, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. आजारामुळे अक्षर नेहमीसारखे नाही. त्यावरून कोणी वेगळा अर्थ काढू नये. मला कोणी भरीस घातलेले नाही. घालणारे होते ते मी हे लिहू नये म्हणून. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले. पोस्टातली माझी सर्व शिल्लक कुंदाबाई बन्सीलाल महाजन हिच्या औषधोपचारासाठी ठेवली आहे. ती रक्कम मंडळाला, आरतीला, चौकटीला किंवा अन्नदानाला देता येणार नाही. कुंदाबाईने स्वतः सांगितले तरी देता येणार नाही. ती काय सांगेल आणि कोणाच्या सांगण्यावरून सांगेल, हे मला माहीत आहे.

कलम दुसरे. आईच्या पाटल्या कुंदाबाईला. आईने त्या मला लग्नासाठी ठेवल्या होत्या. लग्न झाले नाही, त्याचा खुलासा कलम चौथ्यात आहे.

कलम तिसरे. माझे मनगटी घड्याळ दवाखान्यातली आया हमीदा हिला. फिल्म किती वेळ औषधात ठेवायची हे मी या घड्याळावर पाहत असे आणि हमीदा मला हसत असे. "सुमनताई, रोटीसुद्धा घड्याळ लावून खाता का?" तिला घड्याळ देत आहे म्हणून तिला साक्षीदार केलेले नाही. ती रागावली. म्हणाली, "घडी नको मला. सही करू द्या." कायद्याची अडचण तिला पटली नाही. माझी सायकल तिच्या भावाने हवी तर न्यावी. मागचे चाक वाकडे आहे.

कलम चौथे. हे वस्तूंबद्दल नाही. तरी मृत्युपत्रात घालते, कारण मी ज्यांना हे देते आहे त्यांच्याकडे ते दुसऱ्या मार्गाने पोचणार नाही.

नानांकडे कोणी काही विचारायला आले की नाना त्याच्या पाठीमागे जाऊन बसत. दोघांचीही तोंडे नदीकडे. नवा माणूस मान वळवून बघू लागला की ते म्हणत, "मना तोंडमा काय शे? तिकडे देख." मग मागून बोलत. मी लहानपणापासून त्यांच्याकडे जात होते, तरी त्यांचा चेहरा मला त्यांच्या आजारपणातच नीट दिसला. पुष्कळांना तो आठवतच नाही. हे त्यांनी मुद्दाम केले होते. मंडळाने यंदा छापलेल्या पुस्तिकेत मात्र "नानांची तेजस्वी मुद्रा" असा शब्द आहे.

मी सोळा वर्षांची असताना वडिलांनी माझे लग्न सावद्याला ठरवले. घर चांगले होते, केळीचा बाग होता. मी नानांना विचारायला गेले. मागून आवाज आला, "माले माहीत नही." मी म्हटले, तुम्हाला नाही तर कोणाला माहीत? ते म्हणाले, "तुले काय येस?" मी म्हटले, गणित. "मंग ते कर. लगीन येस का तुले?" मी म्हटले, नाही. "माले बी नही ये," नाना म्हणाले आणि हसले. पुढे वडील भांडायला गेले. नाना त्यांच्याही पाठीमागे जाऊन बसले. काय बोलले ते वडिलांनी कधी सांगितले नाही, पण मॅट्रिकनंतर त्यांनी मला मुंबईला शिकायला पाठवले.

एकदा एक माणूस मन शांत होत नाही म्हणून आला. बोलता बोलता कळले की तो पोराला मारून आला आहे. नानांनी विचारले, "पोर जेवनं का?" तो म्हणाला, नाही. "मंग आठे काय करस? घर जाय, त्याले जेवाड, मंग ये." तो पुन्हा आला नाही. मंडळाच्या पुस्तिकेत ही गोष्ट आहे, पण तीत नाना डोळे मिटतात आणि त्या माणसाला प्रकाश दिसतो. मी तेथे होते. प्रकाश दिसला नाही. तो माणूस चपला पायात न सरकवताच घाईने गेला.

नानांचे मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य "माले माहीत नही" हेच आहे. मेलेला नवरा कोठे गेला, मुलगा होईल का, पाऊस कधी येईल, सगळ्यांना तेच. मात्र ते सांगून उठून जात नसत. त्या माणसाजवळ बसून राहत, पुष्कळदा संध्याकाळपर्यंत. माझ्या कामाचा पाया हाच आहे. फिल्मवर जे नाही ते मी कधी सांगितले नाही, आणि जे आहे ते झाकले नाही. पुस्तिकेत हे वाक्य एकदाही नाही. भाऊ म्हणाला, "असं छापलं तर लोक काय म्हणतील? गुरूला माहीत नाही?"

हे वाक्य मी बन्सीलाल यास देते. त्याच्याकडे नानांचे बाकी सर्व आहे.

कलम पाचवे. फिल्मबाबत.

एक्स-रेसाठी रोग्याला छाती फिल्मच्या पेटीला, कॅसेटला, टेकवून उभे राहावे लागते. किरणांची नळी पाठीमागे असते आणि तंत्रज्ञही मागेच. नाना तसे उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, आज तू मना मांगे उभी शे. आते इचारू का काही?" मी म्हटले, नाना, बोलू नका, श्वास धरा. त्यांनी धरला. ओली फिल्म मी उजेडावर धरली तेव्हा ते शेजारी येऊन उभे राहिले.

"हाई पांढरं काय शे?"

"गाठ आहे, नाना."

"जाई का?"

"नाही."

त्यांनी पुष्कळ वेळ पाहिले. मग म्हणाले, "खिडकीमा लाव. बठ्ठासले देखू दे. मनामा जे शे ते तुमनामा बी शे. मी बी मरसू. एकदा देखतीन म्हंजे मना पाय धराले येवाऊत नही."

त्यांना वाटले, लोक गाठ पाहतील आणि पाय धरायला येणे सोडतील. मलाही तसेच वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा बेबाबाई आली, शेजारची. खिडकीकडे पाहून तिने हातातली घागर खाली ठेवली. "माय वं! नानासना छातीमा दिवा लागेल शे!" मी सांगितले, तो रोग आहे. तिने माझ्याकडे पाहिले आणि कपाळ जमिनीला टेकले. दुपारपर्यंत दारात नारळ जमा झाले.

नानांनी अंथरुणावरून ते ऐकले. मी फिल्म काढायला गेले तर म्हणाले, "आते काढशी ते म्हंतीन लपाडं." मग थोड्या वेळाने, "मना अंदाज चुकना, पोरी." ते चिडले नाहीत. पण त्या दिवसानंतर ते माणसांच्या मागे बसले नाहीत. बसण्याची ताकद उरली नव्हती. लोक त्यांच्यासमोर बसत, खिडकीकडे तोंड करून.

ती फिल्म माझी आहे. दवाखान्याच्या मालकांनी ती नानांना दिली आणि नानांनी हमीदासमोर मला दिली. वकिलांना विचारले. ते म्हणाले, "वस्तू तुमची, पण कब्जा मंडळाचा. दावा लावाल तर वर्षे जातील. आणि बाई, साक्षीला कोण येणार?" मी पुढे विचारले नाही.

तरीही लिहून ठेवते. माझ्या मृत्यूनंतर ही फिल्म चौकटीतून काढून गरम पाण्यात कॉस्टिक सोडा घालून त्यात बुडवावी. वरचा थर सुटून येतो आणि कोरे पारदर्शक प्लॅस्टिक उरते. हातात रबरी मोजे घालावेत. चौकट मंडळाची आहे, ती मंडळाने ठेवावी. तिच्यात काय लावायचे ते त्यांनी ठरवावे. मला त्यावर हक्क नाही.

हे कोणी करील असे मला वाटत नाही. करू नये असे सांगणारा कायदा नाही आणि करवून घेणारा माणूस नाही.

कलम सहावे. व्यवस्थापक म्हणून मी बन्सीलाल झुलाल महाजन यास नेमते. ज्याच्याविरुद्ध हे लिहिले त्यालाच नेमले, यात चूक झालेली नाही. नानांच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे आहे. दुसऱ्या कोणाला नेमले तर दारात अडवतील. हमीदाच्या घरच्यांपैकी कोणी गेले तर काय होईल ते मी लिहीत नाही. शिवाय भाऊ लबाड नाही. तो नानांच्या उशाशी अखेरपर्यंत होता. त्यांची घाण त्याने काढली, मी नाही. मी जळगावला होते. त्याला जे दिसते ते त्याला खरोखर दिसते.

संक्रांतीला मी भडगावला गेले तेव्हा कुंदाबाईच्या पदराला रक्त होते. तिने पदर मुठीत धरला. संध्याकाळी अंग तापते, चोळी सैल झाली आहे, हे मी पाहिले. मी भाऊला म्हटले, वहिनीला जळगावला आण, एक फिल्म काढू.

"काढून काय दिसेल?"

"काढल्यावर कळेल."

"नानांच्या समोर रोज बसते. उतरतंय हळूहळू."

"उतरलेलं नाही, भाऊ. रक्त पडतंय."

"तुझ्या मशीनला दिसतं ते तुला. आम्हाला दिसतं ते आम्हाला. नानांच्या छातीतही तुला गाठच दिसली ना?"

उत्तर "होय" होते आणि ते त्याने आधीच ऐकले होते. वहिनीला चुलीजवळ गाठले. ती म्हणाली, "तुम्ही म्हंतस ते खरं व्हयी, ताई. पन ह्यासनं मन कसं मोडू? मी उनू तर बठ्ठा गाव म्हनी, बन्सीलालभाऊनी बायकोले नानांवर भरोसा नही." मग पोळी उलटताना हसून म्हणाली, "तुमना मशीनमा मना बी दिवा निंघना तर?"

ती थट्टा होती. मला हसू आले नाही.

बहुधा क्षय आहे. फिल्म आणि थुंकी तपासल्याशिवाय मी खात्रीने म्हणणार नाही. क्षय असेल तर आता त्यावर इंजेक्शने आणि गोळ्या आहेत, आणि लवकर सुरू केल्या तर माणसे बरी होतात. नानांची गाठ जाणारी नव्हती. वहिनीचे तसे नाही. दोन फिल्ममधला हा फरक भाऊला मी तोंडाने समजावू शकले नाही. त्याने वहिनीची फिल्म काढू दिली तर नानांच्या फिल्मवरचे पांढरे काय होते, हेही त्याला मानावे लागेल. मी त्याच्याकडून दोन्ही एकदम मागते आहे आणि माझ्याकडे त्याच्यावर चालेल असा कोणताही जोर नाही. म्हणून क्रम बदलते.

कलम सातवे आणि शेवटचे. कलम पाचवे पाळले नाही तरी कलम पहिले अबाधित राहील. फिल्म चौकटीत राहिली, आरती चालू राहिली, पुस्तिकेच्या आणखी आवृत्त्या निघाल्या, तरी चालेल. मी त्या सोडून देते. कुंदाबाईला दवाखान्यात आणणे एवढेच व्यवस्थापकाचे बंधनकारक काम समजावे, आणि ते माझ्या मृत्यूची वाट न पाहता करावे.

माझी उत्तरक्रिया भाऊने ठरवावी. माझ्या छातीची किंवा हाताची कोणतीही फिल्म दवाखान्यात शिल्लक नाही. मी पाहून घेतले आहे.

हे सर्व मी वाचून पाहिले. खाडाखोड केलेली नाही.

सही : सुमन झुलाल महाजन

आमच्यासमक्ष सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमक्ष सही केली :
१. डॉ. रुपचंद लोटन बोंडे, जळगाव
२. हारुन इब्राहिम पिंजारी, कंपाउंडर, जळगाव

जळगाव, दि. २० फेब्रुवारी १९५८

बन्सीलाल यास, नक्कल सोबत :

भाऊ, व्यवस्थापक व्हायचे की नाही ते सावकाश ठरव. दवाखान्याच्या डॉक्टरांनी मला मार्चच्या मध्यापर्यंत मशीनवर उभे राहू देण्याचे कबूल केले आहे. वहिनीची फिल्म मला स्वतः काढायची आहे. तू आत आलास तरी चालेल, नाही आलास तरी चालेल. तिला कोणत्या दिवशी आणतोस ते सोमवार, दि. १० मार्चपर्यंत कळव. आणणार नसशील तर तेही त्याच दिवसापर्यंत कळव.

सुमन