पुस्तकात पोरगा घरी परत येते

पुणे

तीर्थरूप आईले भूपेंद्रचा पाया पडून नमस्कार.

मी मजेत आहो. इथं पोह्यावर तर्री नाही देत, पण जाऊ दे. सध्या सिनेमाच्या हॉलात तिकिटं तपासतो. मेक्सिकोच्या एका डायरेक्टरनं पुस्तकांवर काढलेले सिनेमे हप्ताभर दाखवून राहिले. डोक्याचा पार भुगा झाला!

कालच्या सिनेमात माय दारात वाट पाहते अन् पोरगा गावोगाव फिरतच राहते. आपल्या गावच्या मंडईच्या जत्रेत नाटक पाहताना ओरडतो तसा मी ओरडलो, "अबे, जा ना घरी!" मॅनेजरनं बाहेर काढलं. मागून एक मॅडम येऊन म्हणे, "पुस्तकात तो परत येतो. सिनेमात बदललंय." मंग या डायरेक्टरले काय धाड भरली होती?

धानाची रोवणी झाली का? तुझे गुडघे?

अन् मागच्या पत्रात तू "कधी येशीन?" असं लिवलंच नाही. काहून? विचारत जा ना, आई.

तुझा,
भूपेंद्र