साच्याला रॉकेल लावू नकोस

अमीन,

अब्बा गेले त्याच्या आदल्या दिवशी मुंबईहून ते नवं सिलिकोन रबर आलं. गौरीच्या मुखवट्यांचे साचे आता प्लास्टरऐवजी त्याचे करायचे, म्हणून ते खुशीत होते. "शहाजादी, हात दे की. आधी तुझ्या हाताचा साचा काढून बघू," म्हणाले. मी म्हटलं, "पेपर तपासतेय अब्बा, वेळ न्हाय." मग त्यांनी प्लास्टरच्या सवयीनं स्वतःच्याच हाताला तेल चोपडलं, तो डब्यात धरला आणि दुसऱ्या हातानं रबर ओतलं. ते कातडीला चिकटत नाही, तेल लागत नाही, हे सोबतच्या कागदावर होतं. मी वाचून दाखवलं नाही.

तू आज कारखाना आवरायला येशील तेव्हा मी शाळेत असेन. भाकरी झाकून ठेवली आहे. खिडकीतला पांढरा ठोकळा म्हणजे त्यांच्या हाताचा तोच साचा. उन्हापाण्यानं त्याला काही होत नाही, पण रॉकेलनं तो फुगतो, आणि तू तर सगळं रॉकेलनंच पुसतोस. त्याला तेवढं लावू नकोस. त्यात प्लास्टरही ओतू नकोस, तो रिकामाच राहू दे.

निघताना मी त्यात हात घातला. माझ्या हाताला तो सैल होतो. अंगठ्यापाशी त्यांची भाजल्याची खूण बोटाला लागली, तेव्हा मी मोठ्यानं बोलले, "अब्बा, पेपर तपासून झाले होते. मी कादंबरी वाचत होते. मला वेळ होता."

आपा