आजीबाईची ओंजळ

४ फेब्रुवारी

मशीन लागलं. गोठ्याच्या मधोमध लोखंडी पेटी. गायीनं आत तोंड घातलं की गळ्यातला पट्टा ओळखून तिचा पेंडीचा खुराक मापून पाडतं. मशीनवाला म्हणाला, "काका, आता खुर्ची टाकून बसा!" – बसून काय करू?

खुराक आमची ही घालायची. ही गेल्यापासून तेही मुलावर पडलं. गडी टिकत नाहीत. दूध, शेण, चारा – मुलगा नि सूनबाई सकाळपासून पळतात. मुलगा स्पष्टच म्हणाला, "बाबा, हे जमलं तर ठीक. नाहीतर गायी विकायच्या. माझी पाठ गेली." मी मान हलवली. या गायी हिनं वाढवल्या, एवढंही तोंडातून निघालं नाही.

६ फेब्रुवारी

सगळ्या गायी मशीनवर खायला शिकल्या. आजीबाईसुद्धा – आमची सगळ्यांत जुनी गाय. पण खाऊन झालं की फाटकाशी येऊन उभी राहते. ही तिथं तिला जाकिटाच्या खिशातून ओंजळभर पेंड द्यायची. रोज. मी चिडवायचो, "तुझी माहेरवाशीण आली बघ!" ही म्हणायची, "तुम्हाला काय कळतंय!"

आज आजीबाई फाटकावरून हलेना. मला बघवेना. पोत्यातून ओंजळ भरून दिली. मुलाची पाठ माझ्याकडे होती.

९ फेब्रुवारी

दिली. दोन ओंजळी.

१३ फेब्रुवारी

आजीबाईचं शेण पातळ. रवंथ कमी. मुलगा मशीनचे आकडे बघतोय – "माप तर बरोबर पडतंय!" ओंजळीनं काय होतंय? होत नसणार.

तरी दिली. वाट बघत होती ती.

१५ फेब्रुवारी

आजीबाई उठत नाही. पोट गच्च. डॉक्टरांनी नळी घालून औषध पाजलं. म्हणाले, "पेंड जास्त झाली. पोट आंबलंय. आजचा दिवस काढला तर वाचेल."

मुलगा मशीनवाल्यावर फोनवर ओरडला – "तुमचं डबडं उचलून न्या!" मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या व्यापाऱ्याला बोलावतो. सगळ्याच देऊन टाकू."

सूनबाई घासलेलंच पातेलं परत घासत होती.

१६ फेब्रुवारी

आजीबाई जिवंत आहे. व्यापारी यायच्या आत चहा पिताना सांगून टाकलं. "मशीनचं चुकलं नाही. मी हातानं देत होतो. तुझी आई द्यायची तशी."

सूनबाईनं कप खाली ठेवला. "बाबा... मीपण देत होते. रोज सकाळी."

मुलगा आम्हा दोघांकडे बघत राहिला. मग हसायलाच लागला – डोळे भरलेले. "अहो, आई वरचं कधी देतच नव्हती! आजीबाईच्याच मापातून ओंजळ काढून खिशात टाकायची. तीच नंतर द्यायची."

"मग एकदम का नाही घालायची?" सूनबाई.

"गाय चालत यावी म्हणून. खाताना सगळ्या धडधाकट दिसतात, चालताना काय ते कळतं, म्हणायची. आजीबाईचे खूर आधीपासून नाजूक."

इतकी वर्षं मी बाजूलाच उभा असायचो. चिडवत!

त्यानं व्यापाऱ्याला येऊ नका म्हणून कळवलं. मशीनवाल्यालाही फोन केला. त्याच्याशी जरा हळू बोलला.

२० फेब्रुवारी

आजीबाई उठली. थोडा चारा खाल्ला. पेंड मात्र अजून बंद.

२६ फेब्रुवारी

डॉक्टरांनी पेंड सुरू करायला सांगितलं, थोडी थोडी. मशीनमध्ये तिचं माप ओंजळभर कमी ठेवायचं ठरलं; ती ओंजळ मी फाटकाशी द्यायची. मुलगा म्हणाला, "ओंजळ दाखवा." वजनकाट्यावर टाकली. आकडा बघून म्हणाला, "आईची एवढी मोठी नव्हती हं!"

थोडी परत काढली.

२७ फेब्रुवारी

हिचं जाकीट खुंटीवरून काढलं. मला घट्ट होतं. खिशात पेंड घेऊन फाटकाशी उभा राहिलो. हिच्यासारखी हाक मला येत नाही. नुसतं "ये गं" म्हटलं.

आली. पुढचा उजवा पाय टेकताना थबकत होती. मुलाला हाक मारली – इतक्या मोठ्यानं, की सूनबाईही धावत आली.