डोकी मोजणाऱ्यांचे कागद

५ जानेवारी

गेले एकदाचे. यांच्या अभ्यासाच्या खोलीतले सगळे कागद आज विद्यापीठाच्या अभिलेखागारात गेले. जुने कागद जपायच्या जागेला इतकं अवघड नाव कशाला, तेवढं मात्र कळलं नाही.

गाडीवाल्याने विचारलं, "साहेब, दगड भरलेत का आत?"

हे म्हणाले, "डोकी."

तो खोका खाली ठेवून मागे सरला. मग मीच पुढे झाले — डोकी नाहीत हो, डोक्यांची मापं.

लग्न झाल्यापासून लोकांना हेच समजावतेय. यांनी जन्मात कोणाचं डोकं मोजलेलं नाही. पूर्वी काही विद्वान मोजपट्ट्या घेऊन माणसांची डोकी, नाकं, हात मोजत हिंडले आणि त्यावरून कोण हुशार नि कोण मागासलेला ते ठरवत बसले. हे त्या विद्वानांचा इतिहास लिहितात. म्हणजे मोजणाऱ्यांची हजेरी घेतात. तरी कोपऱ्यावरचा भाजीवाला अजून टोपी काढून डोकं पुढे करतो — "बघा प्रोफेसर, बुद्धी किती भरते." हे कोबीवर टिचकी मारून सांगतात, "याच्याहून थोडी जास्त."

खोली रिकामी झाली. आत बोललं की घुमतं. दार लावून एक गाणं म्हणून पाहिलं. बरं लागलं.

९ जानेवारी

हे घरभर फिरताहेत. या खुर्चीवरून त्या खुर्चीवर. जेवण झाल्यावर म्हणाले, "जरा अभिलेखागारात जाऊन येतो. कागद नीट पोचले का बघतो."

लेक सासरी गेली तेव्हा इतका जीव खालीवर झाला नव्हता.

१२ जानेवारी

यांना यांच्याच कागदांपासून उठवलं. हसून हसून पोट दुखलं माझं.

झालं असं — हे टेबलाशी बसले, खिशातून पेन काढलं. तिथल्या प्रमुख बाई लगेच आल्या. "इथे फक्त पेन्सिल चालते."

"अहो बाई, हे कागद माझे आहेत."

"होते," त्या म्हणाल्या.

मी त्यांचं नाव पेन्सिलबाई ठेवलंय. न भेटताच आवडल्या.

१९ जानेवारी

पेन्सिलबाईंचा फोन, तोही माझ्यासाठी. "सरांचं अक्षर आम्हाला लागत नाही. खरं सांगायचं तर सरांनाही लागत नाही."

मला लागतं. यांची सगळी पुस्तकं मीच टाइप केली. किड्या-मुंग्यांसारख्या त्या ओळींत 'च' कुठला आणि 'व' कुठला ते जगात मला एकटीला कळतं.

"थोडे दिवस याल का? फायलींवर काय लिहिलंय तेवढं सांगायला?"

हो म्हटलं. यांना सांगितलं तर म्हणाले, "आणि माझा दुपारचा चहा?"

म्हटलं, "डाव्या डब्यात चहा, उजव्यात साखर."

२ फेब्रुवारी

मजा येतेय. खिडकीजवळचं टेबल मिळालंय. पेन्सिलबाई शिस्तीच्या आहेत पण मोकळ्या. डबा वाटून खातो.

आज फोटोंच्या खोक्याशी पोचलो. ही डोंगरवस्तीची मोजणी, यांनी खटपटी करून मिळवलेली. शंभरेक वर्षं झाली असतील. एक मोठे विद्वान तिथे गेले आणि दिसेल त्याला उभं करून मोजलं. प्रत्येकाचा एक फोटो समोरून, एक बाजूने. कार्डावर नाव नाही, क्रमांक. खाली नाकाची लांबी, कपाळाची रुंदी, आणि शेवटी एका शब्दाचा शेरा — मठ्ठ, आळशी, भित्रा. आळस कुठल्या पट्टीने मोजला कोण जाणे!

ती मापं आणि ते शेरे कसे कवडीमोलाचे आहेत हे दाखवण्यात यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली. पण पुस्तकात एकही चेहरा छापला नाही. "या माणसांची एकदा शोभा झाली. मी दुसऱ्यांदा करणार नाही." म्हणूनच कागद देताना अट घातली — आमची मांडणी झाली की हा खोका पन्नास वर्षं कोणी उघडायचा नाही. मला फार अभिमान वाटला होता तेव्हा.

१० फेब्रुवारी

आज नर्सबाई आल्या. हे रक्तदाब तपासायला जातात त्या दवाखान्यातल्या. ड्यूटी संपवून तशाच आल्या होत्या. कागद इथे आल्याची बातमी त्यांनी पेपरात वाचली.

"माझी आजी त्या वस्तीतली," त्या म्हणाल्या. "तरुणपणी आपलं नाक मोजून नेलं असं सांगायची. आम्ही हसायचो. वाटायचं, उगाच गोष्ट रचून सांगते. तिचा एकही फोटो नाही आमच्याकडे."

पेन्सिलबाईंनी अट वाचून दाखवली. आवाज खाली होता त्यांचा.

"पन्नास वर्षं? माझी आई ऐंशीला टेकलीय."

आवाज चढवला नाही. आभार मानले आणि गेल्या. खोका माझ्या हातापासून वीतभर होता.

घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "वाईट वाटतं. पण अट त्यांच्या मानासाठीच आहे."

"त्यांना विचारलंत?"

"कोणाला?"

"ज्यांचा मान आहे त्यांना."

चिडले. "आयुष्य घातलंय मी या विषयात —"

"कागदांत घातलंत. वस्तीवर एकदा तरी गेलात?"

ताट तसंच ठेवून उठले. रिकाम्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. मी जास्त बोलले का? असेन. पण खोटं नाही बोलले.

११ फेब्रुवारी

अबोला. आज भांडी यांनी घासली, आणि चांगली आपटून घासली.

१२ फेब्रुवारी

तेच. दवाखान्यात जायचा दिवस होता, गेले नाहीत. आपणहून काही विचारायचं नाही असं ठरवलंय. ठरवणं सोपं आहे.

१४ फेब्रुवारी

चहाच्या वेळी आपणहूनच बोलले. पेल्यात बघत.

"त्या मोजणाऱ्याने हेच केलं. त्या लोकांचं काय करायचं ते स्वतःच ठरवलं, त्यांना न विचारता. मी त्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय."

"माहीत आहे. मीच टाइप केलंय."

हसले. चार दिवसांनी. मग चहाही गोड लागला.

दोघं मिळून गेलो. जुनी अट काढली, नवी घातली — वस्तीतल्या माणसांना फोटो केव्हाही बघता येतील, बाकी कोणाला दाखवायचे ते वस्तीने ठरवायचं. हे खिशातून पेन्सिल काढून सही करायला लागले. पेन्सिलबाई म्हणाल्या, "सहीला पेन चालेल, सर."

तिथून हे एकटेच दवाखान्यात गेले. काय बोलले ते सांगितलं नाही. रक्तदाब मात्र चांगला निघाला म्हणे.

१७ फेब्रुवारी

आजचा दिवस नीट लिहून ठेवते.

नर्सबाई आईंना घेऊन आल्या. आई म्हणजे छोटीशी, ताठ, ठणठणीत म्हातारी. कानाने जरा कमी. हे कोपऱ्यात उभे, परीक्षेला बसल्यासारखे. पेन्सिलबाईंनी खोका उघडला आणि एकेक फोटो समोर ठेवत गेल्या. आई नुसती मान हलवायच्या — नाही, नाही.

एका फोटोवर नर्सबाई पुढे झुकल्या. "आई, हीच ना आजी? माझ्यासारखीच हनुवटी आहे."

"नाही गं. ही सासूबाईंची धाकटी बहीण. बघ, फोटोतसुद्धा हसू दाबतेय. माझ्या लग्नात हिने सगळ्यांना रडेपर्यंत हसवलं होतं."

पुढचा फोटो ठेवला आणि आई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. एकदम. आम्हाला वाटलं चक्कर आली. नर्सबाईंनी धरलं.

"काय झालं?"

"सासूबाई," त्या म्हणाल्या. आणि मग स्वतःलाच हसल्या. "बघ, अजून उठून उभी राहते मी."

फोटोत विशीतली मुलगी. भुवया आवळलेल्या. कॅमेऱ्याकडे अशी बघतेय की फोटो काढणाऱ्याने पुढचं गाव गाठावं.

"अश्शाच बघायच्या. मी घरात पाऊल टाकलं तेव्हाही अश्शाच." आईंनी फोटोच्या कडेवरून बोट फिरवलं. पेन्सिलबाई हातमोज्यांचं बोलणार होत्या, नाही बोलल्या. "खाली काय लिहिलंय गं?"

नर्सबाईंना वाचवेना. डोळे भरले होते. मी वाचलं. मापं वाचली. शेरा आला तशी थांबले.

"वाचा ना."

"उर्मट," मी म्हटलं.

आईंनी क्षणभर विचार केला. "ते मात्र बरोबर आहे."

नर्सबाई रडता रडता हसायला लागल्या. मीही. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इतकी वर्षं ठासून सांगितलं की तो एकही शेरा खरा नाही, आणि सुनेने भर दुपारी एक मान्य करून टाकला. हे पुढे होऊन म्हणाले, "पण बाई, त्याने ते मापांवरून काढलं —"

"छे हो. सासूबाईंनी त्याला शिव्या दिल्या होत्या. सगळ्या वस्तीला माहीत आहे."

हे खाली बसले. मग खिशातून पेन्सिल काढली आणि म्हणाले, "शिव्या कोणत्या, ते आठवतं का?"

आठवत होतं. मी इथे लिहीत नाही.

कार्डावर क्रमांकाच्या शेजारी आज पहिलं नाव चढलं. आईंनी सांगितलं, मी लिहिलं. 

२० फेब्रुवारी

आईंचा निरोप. वस्तीवर अजून काही म्हातारी माणसं आहेत, बाकीचे चेहरे ती ओळखतील. पण ती आता उतरून खाली येणार नाहीत. फोटो घेऊन कोणीतरी वर या. नर्सबाईंचा मामेभाऊ बसवर न्यायला येईल, राहायची सोय आईंच्या घरी.

हे लगेच बूट आणायला गेले. लेक फोनवर म्हणाली, "बाबा डोंगर चढणार? जिना चढताना तर दोनदा थांबून पेपर वाचतात."

दोघांनी जायचं ठरलं. पेन्सिलबाई फोटोंच्या प्रती करताहेत.

१ मार्च

हे वस्तीवर बोलायचं भाषण तयार करताहेत. मोजणीशास्त्राचा उगम, मग विस्तार, मग खंडन. मला वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर मला डुलकी लागली. जागी झाले तर हे वाचायचे थांबून माझ्याकडे बघत बसलेले. रागावले नव्हते. भाषणाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "झोप. उद्या बघू."

३ मार्च, बसमध्ये

खिडकीशी बसलेय. मांडीवर फोटोंचं पाकीट, हातात पेन्सिल. अक्षर हलतंय.

बसवर चढले, वळून बघते तर हे खालीच. बूट घालून. "तू जा. मी आलो तर त्यांना शिकवत बसेन. तू ऐकून ये." वेडेपणा करू नका म्हटलं, तोवर दार लागलं. हे काचेतून हात हलवत राहिले, छाती काढून, जशी काही बस यांनीच काढली.

शेजारच्या बाईंनी आत्ता विचारलं, "लेकीकडे का?"

"नाही," मी म्हटलं. "कामावर निघालेय."