फाडून टाकलेल्या पत्रानंतरचं पत्र

उचगाव,
२० डिसेंबर १९७९

तीर्थस्वरूप विठाबाई मावशींच्या पायांवर बाळासोचा दंडवत.

(दाजी, पत्र सोप्यात बसून मोठ्यानं वाचा आणि कंसातलंही वाचा. शालूअक्कानं चुलीवरचं उतरवून ऐकायला यावं.)

तुमच्या गुडघ्याला उतार असेल, म्हैस वेळेवर पान्हवत असेल आणि आमची चार महिन्यांची भाची छबी मूठ तोंडात कोंबत असेल, असं धरून चालतो. छबीला लस टोचू द्यायची नाही असं तुम्ही ठरवलंय आणि माझं मागचं पत्र उंबऱ्याबाहेर नेऊन फाडायला लावलंत, हे दाजींनी कळवलं. मला राग आला नाही. त्यात मी ‘बालक दगावण्याची शक्यता’ असं तीन वेळा लिहिलं होतं. मयताचं पत्र वाचून झालं की आपण घरात ठेवत नाही. तुम्ही माझ्या पत्राला तोच मान दिलात. आरोग्य खात्यात सहा वर्षं काढलेल्या माणसाला एवढी अक्कल हवी होती, पण खात्याकडून सायकल मिळते, अक्कल घरून आणावी लागते.

तुमच्याकडं चुकलो तसा इथंही चुकतच होतो. डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वात होऊ नये म्हणून पोरांना टोचायचं आणि त्याचा मजकूर गावात मी रंगवायचा, असा साहेबांचा हुकूम होता. मी गावातली सगळ्यात पांढरीशुभ्र भिंत शोधली आणि तिच्यावर गेरूनं हातभर अक्षरांत ‘बालमृत्यू टाळा’ लिहिलं. भिंत एवढी पांढरी का, हे विचारायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी त्या घरच्या, म्हणजे आकारामअण्णांच्या, मुलीची हळद. ‘टाळा’ मांडवाच्या खांबाआड गेलं आणि येणाऱ्या पाहुण्यांना नुसतं ‘बालमृत्यू’ दिसत राहिलं. अण्णांनी मला मारलं नाही. चुन्याची बादली हातात दिली, सगळ्यांदेखत भिंत पुसून घेतली आणि नंतर पंक्तीलाही बसवलं. (बुंदी चांगली होती.)

मग सायकलला कर्णा बांधून फिरलो. आपल्या भागात कर्णा फिरतो तो कुस्त्यांच्या मैदानासाठी, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी ‘सकाळी नऊ वाजता शाळेच्या मैदानात यावे’ एवढं खणखणीत म्हणायचो; पुढचं ‘मातांनी आपल्या बालकांसमवेत’ वगैरे पुस्तकी मराठी कुणी कानावर घेतलंच नाही. नऊला दीडशे गडी हजर, फेटे बांधून. पोर एकही नाही. पहिली जोड कुणाची म्हणून मलाच विचारू लागले. मी सुई काढून दाखवल्यावर नावाजलेले पैलवानसुद्धा कुंपणावरून गेले.

घरोघर हात जोडून शेवटी चार पोरं मिळाली. त्यांना टोचलं आणि संध्याकाळी चौघांनाही ताप भरला. ताप येतो हे मला ठाऊक होतं. लोक बिचकतील म्हणून सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मला बघितलं की बायका पोरं पदराखाली घ्यायला लागल्या. हे फार लागलं, मावशी. गेल्या पावसाळ्यात याच गावात डांग्या खोकल्यानं एक पोर माझ्या डोळ्यांदेखत गेलं होतं. (दाजी, हे हळू वाचा.)

मग इमामबींकडं गेलो. त्या इथल्या सुईण, निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. त्यांनी चहा दिला आणि पोराला ताप येणार हे आईपासून लपवलं म्हणून चहा संपेपर्यंत माझी खरडपट्टी काढली. नंतर स्वतः दारोदार फिरल्या. प्रत्येक दारात एवढंच बोलल्या, “सुई दुखत्या. एक दिस ताप येतोय, दुसऱ्या दिशी पोर खेळाय लागतंय. माझ्या हातावर आलंय न्हवं? मग मीच मांडीवर घेऊन बसतो.” पुढच्या खेपेला एकतीस पोरं आली. इमामबी सकाळपासून दुपारपर्यंत मांडी घालून बसल्या होत्या, उठताना मी आणि शिपायानं मिळून त्यांना उठवलं.

बाकी ठीक. थोरांना नमस्कार, छबीचा पापा.

तुमच्या सुनेचा भाऊ म्हणून तुम्हाला सोसावा लागणारा,
बाळासो

ता. क. बुधवारी रजा काढून तुमच्याकडं मलकापूरला येतोय. तिथल्या सरकारी दवाखान्यात लस आली आहे. छबीला रात्री ताप येईल, टोचलेली जागा सुजेल, ती किरकिर करील. मागच्या पत्रात हे मी तुमच्यापासूनही लपवलं. माझं चुकलं.

आणखी एक ता. क. हे पत्र इमामबींना वाचून दाखवलं. निम्म्यातच जांभई देऊन म्हणाल्या, “एवढं कशाला लिव्हायचं? आजीला इचार की, नातीला मांडीवर कोण घेणार.” मावशी, छबीला मीच टोचणार असं शालूअक्काला कळवून बसलोय, पण घरच्या पोरीला सुई लावणं मला जमायचं नाही. सुई तिथल्या नर्सबाई टोचतील. छबीला मांडीवर तुम्ही घ्या. मी बाहेर उभा राहतो.